अकरा मुलांची शेकडेवारी

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद. तुझं पत्र परवा मिळालं. ‘चौथीचा निकाल 64 टक्क्यांवरून 45 वर आला, माझंच काहीतरी चुकतंय,’ हे तुझं वाक्य डोक्यातून जाईना, म्हणून आज पूजा आटोपल्याबरोबर लिहायला बसले.

आधी कागद-पेन्सिल घे. तुझ्या चौथीत 11 मुलं. मागच्या वर्षीही 11च होती. 11 पैकी 7 म्हणजे 64 टक्के आणि 5 म्हणजे 45. तुझी झोप उडवणारी ती घसरण दोन मुलांची आहे गं! साठ मुलांच्या वर्गात हीच दोन मुलं तीन-साडेतीन टक्क्यांत मावली असती. शिवाय मागच्या वर्षीची चौथी तर पाचवीला निघून गेली, ही मुलं वेगळी. बैठकीत पडद्यावर आलेख लागतो तेव्हा ती दोन मुलं कोण, हे कुणी विचारत नाही. तू विचार.

तुझं गाव 2021 साली पुणे महापालिकेत आलेल्या 23 गावांतलं. तिथली जुनी घरं मी पाहिली आहेत. त्या घरांतल्या मुलांना न्यायला सकाळी खासगी शाळेची पिवळी बस येते. तुझा पट भरतो तो बांधकामाच्या साइटवरच्या पत्र्याच्या खोल्यांतून. कलबुर्गी-यादगीरचे सेंट्रिंगवाले, नांदेड-लातूरकडच्या तांड्यांवरची माणसं, उत्तर प्रदेशातले फरशीवाले. घरात आईला कुणी ‘अव्वा’ म्हणतं, कुणी ‘याडी’, कुणी ‘अम्मा’. माहिती भरताना मातृभाषेचा रकाना येतो आणि घाईत सरसकट ‘मराठी’ लिहून आपण मोकळे होतो. मीही कित्येक वर्षं तेच केलं. त्याची शिक्षा मुलांना झाली.

एक मुलगा सांगते. दुसरीतला. श्रुतलेखनात मी ‘त्रेचाळीस’ म्हटलं की 34 लिहायचा. ‘सत्तावन्न’ म्हटलं की 75. महिनाभर मी लाल फुल्या मारल्या आणि त्याला अप्रगतच्या यादीत टाकलं. एक दिवस मधल्या सुट्टीत शाळेच्या भिंतीपाशी विटा रचलेल्या होत्या, त्या तो स्वतःशी मोजत होता, कन्नडमध्ये. ‘नलवत्तमूरु’ म्हणाला, थांबला आणि खडूने विटेवर लिहिलं, 43. बरोबर! कन्नडमध्ये चाळीस आधी येतात, तीन मागून. आपण ‘त्रे’ आधी म्हणतो आणि ‘चाळीस’ नंतर. तो पोरगा ऐकलेलं जसंच्या तसं, त्याच क्रमाने उतरवत होता. मी सोलापुरात वाढलेली, कन्नड लहानपणापासून कानावर, तरी हे कळायला मला महिना लागला. त्या फुल्यांची लाज मला अजून वाटते. 2019 मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणितात ‘एकवीस’च्या जोडीला ‘वीस एक’ असं वाचन आलं, तेव्हा केवढा गदारोळ झाला होता आठव. मला मात्र त्या पुस्तकात तो मुलगा दिसला.

आता हजेरी. शाळा जूनच्या मध्यावर उघडते तेव्हा यातले कितीतरी आईबाप पेरणीला गावी असतात. मुलं जुलै-ऑगस्टमध्ये उगवतात. दिवाळीला गेलेली कधी परततात, कधी नाही. स्लॅब संपला की ठेकेदार रातोरात माणसं दुसऱ्या साइटवर हलवतो, वाघोलीतली खोली बाणेरला जाते. त्यामुळे तुझी वर्षाच्या सुरुवातीची पायाभूत चाचणी दिलेली मुलं आणि वर्षअखेरची संकलित दिलेली मुलं, ही एकच मुलं नाहीत. दोन्ही सरासऱ्या शेजारी ठेवून ‘प्रगती’ म्हणणं म्हणजे दोन वेगळ्या मुलांची उंची मोजून एक वाढला म्हणण्यासारखं आहे. दोन्ही चाचण्या दिलेली मुलं वेगळी काढ. फक्त त्यांचं बघ. मग मधूनच आलेली घे: आली तेव्हा काय वाचत होती, गेली तेव्हा काय.

पण एक सांगते, आणि हे मनापासून. हे सगळं कळल्यावर ‘आमच्याकडची मुलंच तशी’ हे वाक्य तोंडावर येतं. शिक्षकांच्या खोलीत ते फार ऐकलंय मी. ते कधीही बोलू नकोस. जोडाक्षर न येणाऱ्या पोरीला ते शिकवायचंच आहे, ती कुठूनही आलेली असो. कुठून आली हे माहीत असलं की सुरुवात कुठून करायची ते कळतं, एवढंच.

दाखला नाही म्हणून कुणाला परत पाठवू नकोस. शिक्षण हक्क कायदा त्याबाबत स्पष्ट आहे. वयानुसार वर्गात घे. आणि जी मुलगी आठवड्यातून दोनच दिवस येते, तिच्या साइटवर एकदा जाऊन ये. बहुधा परांचीला बांधलेल्या झोळीत धाकटं भावंड असेल आणि झोळीची दोरी हिच्या हातात. त्या आईशी बोल. जवळच्या अंगणवाडीचं बघ. मी एका धाकट्याला वर्गातच बसू दिलं होतं, वर्षभर. थोडी गडबड व्हायची, पण ताई रोज यायची आणि मार्चपर्यंत अडखळत का होईना, धडा वाचायला लागली.

साठपर्यंत पट म्हणून दोनच शिक्षक, तिसरी-चौथीचा जोडवर्ग एकट्या तुझ्याकडे, वर पोर्टलवरची माहिती आणि आहाराच्या नोंदी. तुझा दिवस कसा जातो ते मला ठाऊक आहे. म्हणून मोठी वही नको, एक शंभर पानी कर. एका मुलाला एक पान: गाव, घरची भाषा, शाळेत कधीपासून, महिन्याला किती दिवस हजर, आणि या महिन्यात नवीन काय जमलं.

रविवारी ये. हजेरीपत्रक आण, दोन्ही चाचण्यांचे गुण आण. अकराच्या अकरा मुलांची पानं एकत्र बसून भरू, दुपारपर्यंत होतील. जेवायला वरणफळं करते.

तुझी,
बाई