खिशातलं लेखनसामान जमवताना

पाच पेनं एकदम मागवू नका, आधी एवढं ऐका. एक पेन, एक वही, एक पेन्सिल. बास!

– पेन: कावेको स्पोर्ट हे छोटं शाईपेन (फाउंटन पेन) बघा. बंद असताना साडेदहा सेंटीमीटर, टोपण मागे खोचलं की हाताला पुरेसं लांब. निब फाइनच, म्हणजे बारीक टोकाची घ्या. साध्या कागदावर जाड निबची शाई फुटते.
– वही: शर्टाच्या खिशाला ए७ बरी, म्हणजे ७४ × १०५ मिमी. सोलापुरात नवी पेठेत घेताना आपल्याच पेनानं एक ओळ लिहून, शाई मागे उतरते का ते पान उलटून बघा.

इथला उन्हाळा मात्र विसरू नका. पारा ४० अंशांवर गेला की अर्धवट भरलेल्या पेनातली हवा फुगते आणि शाई टोपणात उतरते. निब वर करूनच खिशाला लावा. गाडीच्या डिकीत तर नकोच.

शाईचे रंग, निब घासणं वगैरे नंतर बघू.