टेम्प्लेटमधील सर्व्हरच्या पत्त्याला डिफॉल्ट देऊ नये

तुम्ही विचारले आहे की, बारा सर्व्हरचे आयपी पत्ते अन्सिबलच्या (सर्व्हरची मांडणी आपोआप करणाऱ्या साधनाच्या) टेम्प्लेटमध्ये, म्हणजे कॉन्फिगरेशन फाइलच्या साच्यात, थेट लिहावेत, व्हेरिएबलमध्ये ठेवावेत की डीएनएस नावे (आकडी पत्त्याऐवजी वापरायची नावे) वापरावीत, आणि एखादा पत्ता मिळाला नाही तर काम अडू नये म्हणून डिफॉल्ट फिल्टर, म्हणजे किंमत (व्हॅल्यू) सापडली नाही तर वापरायची पर्यायी किंमत, लावावा का. पहिल्या तीन पर्यायांबद्दल लिहिणारे पुष्कळ भेटतील. मी लिहीत आहे ते तुम्ही शेवटी जाता जाता विचारलेल्या प्रश्नासाठी. पत्त्याला डिफॉल्ट लावू नये.

२०१९ साली चवथ, म्हणजे गणेश चतुर्थी, २ सप्टेंबरला, सोमवारी होती. तेव्हा मी पणजीत पाटो येथील एका लहान कंपनीत होतो आणि आम्ही हॉटेलांच्या आरक्षणाची प्रणाली सांभाळत होतो. ऑगस्टच्या मध्यावर आम्ही डेटाबेस नव्या सर्व्हरवर हलवला होता. १०.२०.४.१५ या पत्त्यावरचा जुना सर्व्हर ‘असू दे, लागला तर’ म्हणून चालूच ठेवला होता आणि त्याचा पासवर्डही बदलला नव्हता. ॲप्लिकेशनच्या टेम्प्लेटमध्ये डेटाबेसचा पत्ता होस्टव्हार्समधून (प्रत्येक यंत्राच्या माहितीच्या संचातून), आणि त्यातही त्या यंत्राने रनच्या वेळी स्वतःबद्दल कळवलेल्या फॅक्ट्समधून घेतला जाई, आणि त्याच ओळीच्या शेवटी डिफॉल्ट म्हणून हा जुना पत्ता लिहिलेला होता.

चवथीच्या आदल्या दिवशी, रविवारी सकाळी, माझ्या एका नवख्या सहकाऱ्याने सेशनची (लॉगिन टिकण्याची) मुदत वाढवण्याचा किरकोळ बदल केला आणि प्लेबुक (अन्सिबलने करायच्या कामांची यादी) केवळ दोन ॲप सर्व्हरपुरते लिमिट लावून चालवले. आमच्या लेखी सूचनांमध्ये तसेच करायला सांगितले होते. लिमिट लावल्यामुळे त्या रनमध्ये डेटाबेसच्या यंत्राचे फॅक्ट्स गोळाच झाले नाहीत, आणि फॅक्ट्सची कॅश (आधीच्या रनमधली साठवण) आम्ही ठेवत नव्हतो. व्हेरिएबल सापडले नाही की अन्सिबल मुळात तो टास्क फेल करते, पण डिफॉल्टने त्याचे तोंड बंद केले होते. शेवटच्या सारांशात बदल दिसत होते आणि फेल्डसमोर शून्य होते. सर्व्हिस रीस्टार्ट झाली आणि कसलीही तक्रार न करता दोन आठवड्यांपूर्वीच्या त्या जुन्या डेटाबेसवर चालू लागली.

मी डिचोलीला मूळ घरी माटोळी (गणपतीच्या वर फळे-पाने टांगण्याची चौकट) बांधत होतो. एका हाताने सुपारीचा घोस धरला होता आणि दुसऱ्या हाताने तोरिंगण या फळाची दोरी आवळत होतो, तेवढ्यात फोन आला. कळंगुटच्या एका हॉटेलच्या रिसेप्शनवर जो पाहुणा उभा होता, त्याच्या पावतीवरील आरक्षण क्रमांक संगणकावर दुसऱ्याच माणसाच्या नावाने दिसत होता. जुन्या डेटाबेसने आपली क्रमांकांची मालिका जिथे थांबली होती तिथून पुढे सुरू केली होती, त्यामुळे ऑगस्टच्या उत्तरार्धात एकदा दिलेले क्रमांक पुन्हा दिले जात होते. सर्व्हरवर जाऊन कॉन्फिगरेशनची फाइल उघडली आणि शेवटी ‘.१५’ दिसताच सगळा उलगडा झाला. पत्ता बदलायला दोन मिनिटे लागली, पण मधल्या नऊ तासांतली ६३ आरक्षणे एकेक करून नव्या डेटाबेसमध्ये आणता आणता पहाटेचे तीन वाजले. पूजेला बसलो तेव्हा डोळे मिटत होते.

पुढे जो अहवाल लिहिला गेला, त्यात कारण म्हणून ‘रन करताना निष्काळजीपणा’ असे नोंदवले गेले आणि त्या मुलाकडून खुलासा मागितला गेला. हे मला तेव्हाही पटले नव्हते आणि आजही पटत नाही. डिफॉल्टची ती ओळ सहा महिन्यांपूर्वी टेम्प्लेटमध्ये आली, तेव्हाच मी हरकत घेतली होती. आमच्या वरिष्ठांचे म्हणणे होते की, रात्री-अपरात्री प्लेबुक अडून बसू नये, काहीतरी किंमत हाताशी असावी. प्लेबुक अडून बसले असते तर त्या रविवारी सकाळी दहा मिनिटे गेली असती, इतकेच. सेशनची मुदत किंवा पोस्टग्रेसचा पोर्ट ५४३२ यांना डिफॉल्ट जरूर द्यावा, कारण ती किंमत चुकली तरी डेटा भलतीकडे जात नाही. पत्त्याचे तसे नाही. पत्ता चुकला आणि तिथे कोणीच नसेल तर निदान कनेक्शन तुटते; तिथे तशाच सोंगाचा दुसरा सर्व्हर असेल तर कोणाला काही कळतच नाही.

आता तुमच्या बारा सर्व्हरविषयी. प्रत्येकाचा सेवेचा पत्ता इन्व्हेंटरीतच (अन्सिबलला दिलेल्या यंत्रांच्या यादीतच), त्या यंत्राच्या होस्ट व्हार्स फाइलमध्ये, स्वतंत्र व्हेरिएबल म्हणून हाताने लिहावा आणि टेम्प्लेटने ग्रुपवरून फिरत तो तिथूनच घ्यावा. इन्व्हेंटरीतील व्हेरिएबल लिमिट लावले तरी उपलब्ध असते, फॅक्ट्सचे तसे नसते. अन्सिबल_होस्ट मात्र यासाठी वापरू नये, कारण तो एसएसएचने आत शिरण्याचा पत्ता आहे आणि पुष्कळ ठिकाणी तो सेवेच्या पत्त्यापेक्षा वेगळा असतो. दोन नेटवर्क कार्डे असलेल्या यंत्रात फॅक्ट्समधला मुख्य पत्ता डिफॉल्ट रूट ज्या कार्डावरून जातो त्याचाच येतो, तुम्हाला हवा तोच येईल असे नाही. प्लेबुकच्या आरंभी असर्ट (अट पुरी झाली नाही तर रन थांबवणारा टास्क) लावून पत्ता रिकामा नाही आणि ठरलेल्या सबनेटमधलाच (पत्त्यांच्या टप्प्यातलाच) आहे, हे तपासावे. प्रत्यक्ष रनपूर्वी चेक (काही न बदलता चाचणी) आणि डिफ (काय बदलेल ते दाखवणे) लावून बदलणारी प्रत्येक ओळ डोळ्यांखालून घालावी; आमची ती एक ओळ त्या सकाळी तिथे ठळक दिसली असती. टेम्प्लेट मॉड्यूलमधील व्हॅलिडेटवर विसंबू नये, त्याला लिहिण्याची रचना कळते, पत्ता बरोबर की चूक हे कळत नाही.

डीएनएस नावे चांगलीच आहेत, पण एन्जिन्क्स या वेब सर्व्हरच्या अपस्ट्रीममध्ये (मागच्या सर्व्हरांच्या यादीत) दिलेल्या नावाचा पत्ता सर्वसाधारणपणे एन्जिन्क्स सुरू होताना किंवा रीलोड करतानाच शोधला जातो, म्हणजे पत्ता बदलल्यावर रीलोड करणे आलेच.

हे सारे पत्ते ठरलेले असतात अशा ठिकाणचे आहे, हेही सांगायला हवे. क्लाउडवर यंत्रे आपोआप वाढत-घटत असतील तर हाताने लिहिलेली इन्व्हेंटरी टिकणार नाही. तिथे डायनॅमिक (क्लाउडकडून आपोआप भरली जाणारी) इन्व्हेंटरी किंवा कॉन्सलसारखी, कोणती सेवा कुठे आहे याची नोंद ठेवणारी व्यवस्था घ्यावी लागेल. फॅक्ट्सची कॅश ठेवली तर आमच्यासारखा प्रसंग टळतो, पण तिची मुदत मुळात ८६,४०० सेकंदांची म्हणजे एका दिवसाची असते, आणि तेवढ्या वेळात बदललेला पत्ता जुनाच मिळू शकतो. १२७.०.०.१ हा यंत्राचा स्वतःकडेच निर्देश करणारा पत्ता थेट लिहिण्याला माझी काहीच हरकत नाही. आणि डेटाबेस हलवलात की जुन्या सर्व्हरवरील ॲप्लिकेशनचे लॉगिन त्याच दिवशी बंद करा. आम्ही तेवढे केले असते, तर डिफॉल्ट असूनही ती ६३ आरक्षणे तिथे गेली नसती.