वॉटर पंप नवा, तरी कूलंट कुठं जातंय?

प्रश्न : मास्तर, नमस्कार. माझ्या डिझेल गाडीचा वॉटर पंप आणि थर्मोस्टॅट बेळगावात एका गॅरेजात बदलून घेतला, त्याला महिना होऊन गेला. तेव्हापासून दर आठवड्याला टाकीत पाव लिटर कूलंट घालावं लागतंय. गाडीखाली थेंब दिसत नाही. परवा गोव्याहून चोर्ला घाट चढून आलो तर पातळी खालच्या खुणेच्याही खाली. गॅरेजवाले म्हणतात, हेड गॅस्केट गेलंय, हेड उतरवूया. शेजारचे काका म्हणतात, बोअरचं पाणी घाल आणि चालव. काय करू?
– एक वाचक, खानापूर

उत्तर : दादा, हेड म्हणजे इंजिनचा वरचा भाग, आणि तो जिथं इंजिनवर बसतो तिथली जोड बंद ठेवणारी पातळ पट्टी म्हणजे हेड गॅस्केट. ते हेड उतरवायला अजून होकार देऊ नका. कूलंट नवं भरल्यावर आत अडकलेली हवा निघते, पातळी थोडी उतरते आणि मग थांबते. तुमची महिनाभर सारखी उतरतेय, म्हणजे ही हवा नव्हे, कुठंतरी गळती आहे. आणि काम झाल्यापासूनच उतरतेय, म्हणून जिथं पाना लागला तिथंच आधी बघायचं.

बारीक गळतीचा थेंब खाली पडतच नाही. तापलेल्या इंजिनवर तो तिथंच वाळतो आणि मागं पांढरी किंवा कूलंटच्या रंगाची खपली ठेवतो. ती खपली शोधा. पहाटे, गाडी सुरू करायच्या आधी, टॉर्च आणि छोटा आरसा घेऊन बघा. काही जोड गार असतानाच पाझरतात. इंजिन तापलं की रबर-धातू फुगून फट बुजते आणि गॅरेजात दुपारी सगळं कोरडं दिसतं. थर्मोस्टॅट म्हणजे कूलंटची वाट उघडणारी-मिटणारी झडप; तिच्या घरावर, म्हणजे बाहेरच्या कवचावर, होज पाईप चढतो, त्या पाईपच्या खालच्या बाजूनं बोट फिरवा. चिकट लागलं, तर क्लिप तिरकी बसलीय, नाहीतर जुना कडक झालेला पाईप तसाच परत चढवलाय. त्या घराची ओ-रिंग, म्हणजे रबराचं गोल कडं, बसवताना चिमटली असेल, तरी असंच होतं. पंपाच्या पुलीमागं एक बारीक भोक असतं. तिथून ओघळ आलेला दिसला, तर पंपाचं सील खराब. नवा पंपही सदोष निघतो, हे ध्यानात ठेवा.

टाकीचं झाकण तर कुणी तपासतच नाही. बेळगाव समुद्रसपाटीपासून साधारण साडेसातशे मीटर उंच. इथं उघडं पाणी सत्त्याण्णव-अठ्ठ्याण्णव अंशांनाच उकळतं. झाकणानं 1 बार दाब धरला, तर तेच पाणी 120 अंशांच्या आसपास उकळतं. झाकण ढिलं असेल, तर घाटात एसी लावून चढताना कूलंट वाफ होऊन बाहेर जातं आणि मागं खूणही राहत नाही. तुमच्या चोर्ल्याच्या फेरीवरून मला याचाही संशय येतो.

आता गॅरेजात जाऊन एवढंच सांगा : माझ्यासमोर प्रेशर टेस्ट करा. गार इंजिनच्या टाकीवर हातपंप लावायचा, झाकणावर लिहिलेल्या आकड्याइतका दाब द्यायचा आणि पंधरा-वीस मिनिटं काट्याकडे बघत थांबायचं. काटा उतरला, तर ओल कुठं दिसते ते शोधायचं. झाकणही त्याच पंपावर तपासून घ्या. डाव्या सीटखालचं मॅटिंग ओलं लागतंय का, गाडीत गोडसर वास येतो का, हेही बघा. तसं असेल तर गाडीचा हीटर गळतोय, कारण त्यातूनही गरम कूलंटच फिरतं. एसीचं पाणी मात्र साधं, बिनवासाचं असतं, त्याला घाबरू नका.

हे सगळं ठीक निघालं, तरच हेडवर संशय घ्या. तेव्हासुद्धा टाकीतल्या वाफेवर निळ्या द्रवाची चाचणी होते. जळलेला गॅस येत असेल तर द्रवाचा रंग बदलतो. ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ साय दिसली, एवढ्यावरून निर्णय करू नका. खानापूरच्या पावसात गाडी गावातल्या गावात फिरवली, तरी ती धरते.

काकांना माझा नमस्कार सांगा, पण बोअरचं पाणी घालू नका. त्यातले क्षार रेडिएटरच्या नळ्यांत बसतात. बिल सांभाळून ठेवलंय ना? पंपाचा दोष निघाला तर ते कामाला येईल. आणि हेड खरंच उतरलं, तर नवं गॅस्केट घालण्याआधी बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या एखाद्या मशीन शॉपमध्ये हेडची सपाटी मोजून घ्या. वाकलेल्या हेडवर नवं गॅस्केट टिकत नाही.