जुन्या बोटीचं इंजिन हिवाळ्यासाठी स्वतः तयार करता येईल का? (मिशिगन, पहिलीच वेळ)

तुम्ही लिहिलंय की बोट यंदाच घेतलीत, इंजिन ४.३ लिटरचं व्ही-सिक्स मर्क्रूझर आहे, हिवाळाभर ती घराशेजारी ट्रेलरवर उभी राहणार, आणि हे काम स्वतः करायचं धाडस करावं का. जरूर करा. एक शनिवार पुरतो. फक्त थंडीची वाट बघत बसू नका, आपल्याकडे ऑक्टोबरातच रात्री पारा शून्याखाली जातो.

हे इंजिन तळ्याचंच पाणी आत ओढून थंड होतं. ते पाणी ब्लॉकमध्ये, म्हणजे इंजिनच्या मुख्य धडात, राहून गोठलं की साधारण ९ टक्के फुगतं आणि बिडाचा ब्लॉक तडकतो. त्यामुळे सगळा जीव पाणी काढण्यात ओता.

आधी टाकीत स्टॅबिलायझर, म्हणजे पेट्रोल खराब होऊ न देणारं द्रव्य, घाला. ब्लोअर (इंजिनच्या खणातली हवा बाहेर फेकणारा पंखा) निदान चार मिनिटं चालवून पेट्रोलची वाफ बाहेर जाऊ द्या. मग खालच्या ड्राइव्हला (बोटीच्या मागचा, प्रोपेलर असलेला भाग) मफ्स लावा, म्हणजे पाणी ओढायच्या भोकांवर बसणारे नळीचे रबरी कप, बागेच्या नळीचं पाणी सोडा आणि त्यानंतरच इंजिन सुरू करा. पाण्याशिवाय क्षणभरही नको, पंपाचा रबरी इम्पेलर जळतो. पंधरा मिनिटं चाललं की स्टॅबिलायझर सगळीकडे पोचतो आणि ऑइल गरम होतं, तेव्हाच ते बदलून घ्या.

आता पाणी. ब्लॉकच्या दोन्ही बाजूंना एकेक ड्रेन प्लग आहे, दोन्ही एक्झॉस्ट मॅनिफोल्डना (इंजिनचा धूर गोळा करणाऱ्या बाजूच्या नळ्यांना) एकेक, शिवाय पुढच्या सर्क्युलेटिंग पंपाची खालची जाड नळी. नेमक्या जागा मॅन्युअलमध्ये बघून घ्या. पहिल्या वर्षी मी डावीकडचा प्लग काढला आणि थेंबही आला नाही. रिकामं असेल असं वाटलं, तरी मन मानेना. कपड्याच्या हँगरची तार सरळ करून भोकात खुपसली, दोनदा फिरवली. आधी गंजाचा चिखल आला आणि मग तांबूस पाण्याची जोरदार धार, जवळपास अर्धी बादली. तशीच बोट झाकून ठेवली असती तर इंजिन गेलं होतं. तेव्हा प्रत्येक भोकात तार घाला, पाणी येत असलं तरी घाला.

बरेच जण पाणी न काढता मफ्समधून गुलाबी अँटिफ्रीझ ओढून घेतात आणि एक्झॉस्टमधून गुलाबी दिसलं की थांबतात. माझा त्याला ठाम विरोध आहे. थर्मोस्टॅट (इंजिन तापल्यावरच उघडणारी झडप) बंद असेल तर ते ब्लॉकला वळसा घालून निघून जातं, आत तळ्याचं पाणी तसंच. पाणी काढून प्लग परत लावा, थर्मोस्टॅटकडची जाड नळी सोडवा आणि तिथून थेट ओता, मॅनिफोल्डमध्येही. चार-पाच गॅलन हाताशी ठेवा. प्रॉपिलीन ग्लायकॉलचंच घ्या, गाडीतलं इथिलीन ग्लायकॉल विषारी असतं. पाणी मिसळू नका, डब्यावरचा उणे ५० फॅरेनहाइटचा आकडा निर्भेळ मालाचा आहे.

ड्राइव्हचं गिअर ऑइलही काढा. ते दुधी दिसलं तर सील गेलंय, वसंतात नाही, आत्ताच दुरुस्त करा. नवीन ऑइल खालच्या भोकातून वर चढवायचं. ड्राइव्ह पूर्ण खाली सोडून ठेवा. बॅटरी भरून घरात आणा.

आत पाणी राहायला नको म्हणून काही जण प्लग उघडेच ठेवतात. तसं केलंत तर सगळे मोजून एका पिशवीत घाला आणि ती इग्निशनच्या किल्लीलाच बांधा.