इंग्रजीच्या तासाला नोकरीची तयारी: नव्या प्राध्यापकांसाठी

सर, पहिल्याच तासाला बायोडेटाचा नमुना फळ्यावर लिहून देऊ नका. मुलं तो जसाच्या तसा उतरवतात. आधी खरी जाहिरात वर्गात आणा आणि प्रत्येक अटीपुढे स्वतःचा एक पुरावा लिहायला सांगा. माझ्या वर्गातली एक मुलगी म्हणाली, "मला कसलाच अनुभव नाही." खोदून विचारल्यावर कळलं, ती रोज पहाटे डेअरीवर दुधाचं फॅट मोजून नोंदी ठेवते. 'आय मेंटेन डेली मिल्क रेकॉर्ड्स' असं तिनं लिहिलं, आणि साधा वर्तमानकाळ तिला तिथंच उमगला. बँकांच्या नोकरभरतीसाठी परीक्षा घेणाऱ्या आयबीपीएस या संस्थेच्या क्लार्क पूर्वपरीक्षेत इंग्रजीच्या 30 प्रश्नांना 20 मिनिटं मिळतात, तेव्हा उतारे घड्याळ लावूनच सोडवून घ्या. मुलाखतीचा सराव मात्र जोडीजोडीनं घ्या. सगळ्यांसमोर उभं केलंत, तर मागच्या बाकावरची मुलं पुढच्या तासाला फिरकतच नाहीत.