शूटर गेम बनवायला स्टॉकहोमला यायचंय? आधी हे वाचा

तुम्ही विचारलंय की मल्टिप्लेअर शूटरमध्ये काहीतरी नवं करून दाखवायचंय, तर स्वीडनमध्ये स्टॉकहोमच्या मोठ्या स्टुडिओत नोकरी धरावी का. मी इथे याच धंद्यात आहे, लेव्हल डिझाइन करतो, म्हणजे गेममधले मॅप रचतो. काम शिकायला जरूर या. पण नव्या कल्पना मोठ्या स्टुडिओत जन्म घेतात असं वाटत असेल, तर घाई करू नका.

मोठ्या उड्या कुठून आल्या ते बघा. काउंटर-स्ट्राइक १९९९ मध्ये हाफ-लाइफ या गेमचा मॉड, म्हणजे चाहत्यांनी त्यात फेरफार करून बनवलेला प्रकार, म्हणून सुरू झाला. बॅटल रॉयलचा, म्हणजे शेवटी एकच उरेपर्यंत लढायच्या प्रकाराचा, साचा ब्रेंडन ग्रीन यांनी आर्मा या गेमच्या मॉडमध्ये घडवला, त्यातून २०१७ साली पबजी आला, आणि फोर्टनाइटने त्याच वर्षी तो प्रकार उचलला. याउलट, लेव्हल वाढवून बंदुका अनलॉक करायची जी पद्धत २००७ च्या कॉल ऑफ ड्यूटी ४ ने रुजवली, ती मोठ्या स्टुडिओंच्या गेममध्ये आजही जिकडेतिकडे आहे. वर बॅटल पास (खेळत जाल तशी बक्षिसं देणारा हंगामी पास) आणि स्किन्स (पात्रांचे, बंदुकांचे सजावटी वेश) चढलेत, एवढाच फरक.

डिझायनर आळशी आहेत असं मुळीच नाही. मल्टिप्लेअर गेमला पहिल्या दिवसापासून खेळाडूंची गर्दी लागते, नाहीतर मॅच लागत नाही आणि आलेलेही निघून जातात. त्या खेळाडूंचे मित्र आणि विकत घेतलेल्या स्किन्स जुन्या गेममध्ये अडकलेल्या असतात. सोनीचा कॉनकॉर्ड २३ ऑगस्ट २०२४ ला आला आणि ६ सप्टेंबरला बंद झाला. तो हिरो-शूटरच्या, म्हणजे प्रत्येक पात्राला वेगळी ताकद असलेल्या शूटरच्या, मळलेल्या वाटेनेच गेला होता, तरी बुडाला. मला यातला खरा धोका नक्कल करण्यात दिसतो. पैसे घालणारे मात्र धसका घेतात तो नवेपणाचा.

त्यामुळे रोजचं काम बारीक असतं. मॅपवरचा एक खोका जरा सरकवायचा. लॅगमुळे, म्हणजे नेटवर्कच्या उशिरामुळे, कोपऱ्यातून बाहेर येणाऱ्याला समोरचा आधी दिसतो, मग दबा धरून बसलेल्यावर अन्याय होतोय का ते तपासायचं. पुन्हा प्लेटेस्ट, म्हणजे खेळून चाचणी. मला हे काम मनापासून आवडतं, पण तुम्ही म्हणता ते नवं यात नाही.

नवं अशक्यही नाही. इथल्याच एम्बार्क स्टुडिओने २०२३ मध्ये द फायनल्स हा शूटर काढला. त्यात इमारती कोसळण्याचा हिशेब सर्व्हरवर होतो, म्हणून सगळ्यांना एकच ढिगारा दिसतो आणि भिंत पाडणं हा डावाचा भाग होतो. असं काही हवं असेल तर पोर्टफोलिओत सुंदर मॅप भरू नका. एकच मेकॅनिक (खेळण्याची एखादी युक्ती किंवा नियम) ठेवा, पण तो मुद्दाम लॅग लावूनही नीट चालला पाहिजे.

मुलाखतीत विचारा: टीमने अलीकडे कुठली कल्पना करून पाहिली आणि का टाकून दिली? तपशील गुप्त असतात, पण अशी उदाहरणं घडलीच नसतील तर ते बोलण्यातून कळतं. करारात फावल्या वेळेतल्या स्वतःच्या गेमचा मालक कोण, हेही वाचा. सही करण्याआधी बोललात तर त्यात सूट मिळू शकते, नंतर अवघड जातं.

कामाचा परवाना इथे यायच्या आधीच काढावा लागतो. सुरुवातीची नोकरी सहा महिन्यांपर्यंत प्रोबेशनवर असू शकते. नोकरी गेली तर ठरावीक मुदतीत दुसरी मिळवावी लागते, आणि या क्षेत्रात कपात नेहमीची आहे. म्हणून कुटुंबाला लगेच आणू नका, निदान प्रोबेशन संपू द्या.