दत्तकासाठी परदेशी जाताय? फिरण्याचं असं ठरवा

अभिनंदन! फिरायची इच्छा आहे म्हणून अपराधी वाटून घेऊ नका. फक्त क्रम नीट लावा.

लांबचं, दमवणारं फिरणं मूल ताब्यात येण्याआधीच उरका. दोन दिवस आधी पोहोचलात तर झोपेचं घड्याळही जुळायला लागतं. मूल आल्यावर पहिले दोन-तीन दिवस खोली आणि जवळची बाग, बस्स. त्यानंतर दिवसाला एकच ठिकाण, तेही दोन तासांत परत येता येईल असं.

नवखे हमखास चुकतात ते इथे:

- परत न मिळणाऱ्या पैशांची तिकिटं काढतात. कोर्टाची किंवा व्हिसाची तारीख कधीही सरकते. सहली रद्द करता येतील अशाच घ्या.
- मूळ कागद पाठपिशवीत घेऊन हिंडतात. ते तिजोरीत ठेवा, सोबत प्रती. मुलाला दुसऱ्या शहरात न्यायला परवानगी लागते का, हे आधी वकिलाला विचारा.
- मूल कोणाच्याही कडेवर देतात. त्याला आधी तुमची ओळख पटू द्या. भरवणं, उचलणं तुम्हीच करा. बाबागाडीपेक्षा अंगाला बांधायची झोळी बरी, पायऱ्या आणि गर्दी दोन्हींत सुटका होते.
- कोर्टाचा दत्तकाचा आदेश हाती येण्याआधीच मुलाचे फोटो सगळीकडे टाकतात.

मूल रडत नाही, एकदम शांत आहे म्हणून कार्यक्रम वाढवू नका. ती शांतता बऱ्याचदा भेदरल्याची असते.

एका ठिकाणी मात्र हात आखडू नका: मुलाचं गाव, रस्ते, बाजार, ते राहत होतं त्या संस्थेची इमारत यांचे भरपूर फोटो काढा. संस्थेत आत फोटो काढण्याआधी विचारा, इतर मुलांचे चेहरे टाळा.